पाण्याकाठची काडी

बारामतीच्या आमच्या घरापासून कऱ्हा हाकेच्या अंतरावर. दर उन्हाळ्यात आजी बजावायची, ‘पोरांनो, नदीत निजू नये रे!’ आणि आम्ही हसत असू. कारण कऱ्हा ही तशी गरीब नदी. मोरोपंत तिच्या काठी राहून एवढी काव्यरचना करून गेले, तेव्हा पूर्वी तिला पुष्कळ पाणी असले पाहिजे, असा आमच्या वर्गाचा तर्क होता. आमच्या वाट्याला आली ती वाळू, गोटे आणि मधूनच एखादे डबके. अशा नदीत निजल्याने व्हायचे ते काय? फार तर विंचू चावेल! आजीला काय म्हणायचे होते ते कळायला मला साठी उलटावी लागली.

गोष्ट २०२३ सालच्या दिवाळीतली. भाऊबीज झाली, फराळाच्या डब्यांचे तळ दिसू लागले आणि पुण्याहून आलेला आमचा अकरा वर्षांचा नातू कंटाळला. ‘आजोबा, तुम्ही लहानपणी सुट्टीत काय करायचात?’ असे त्याने विचारले आणि ‘मासे धरायचो’ असे मी बेसावधपणे सांगून बसलो. खरे म्हणजे मी धरलेले मासे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण आजोबा झाल्यावर माणसाचे बालपण फार पराक्रमी होते.

इंदापूरच्या एका मित्राच्या ओळखीने आबा भेटले. जातीचे भोई, सत्तरी ओलांडलेले, उजनी धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या एका गावचे. डोळ्यांना चष्मा असलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर. त्यामुळे बँकेत सारा जन्म घालवूनही मी त्या दोन दिवसांत मास्तर झालो. बेत असा ठरला की निरवांगीच्या खाली नीरेत आबांची पत्र्याची होडी घालायची, धारेबरोबर वाहत वाहत सराटीकडे जायचे, वाटेत गळ टाकायचे आणि रात्र नदीतच काढायची. आमच्या सौभाग्यवतींनी तीन वेळा ‘नक्की ना?’ म्हणून विचारले आणि चकल्यांचा डबा बांधून दिला.

नीरा बहुतेकांना ठाऊक असते ती आषाढातली. सराटीला तुकोबांच्या पादुकांना नीरास्नान घडते तेव्हा काठावर पाय ठेवायला जागा नसते. कार्तिकात तिथेच खाली आले की वेगळी नदी दिसते. सोनगावपाशी आमच्या कऱ्हेला पोटात घेऊन आलेली ही नदी इथे पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांची शीव धरून सावकाश नरसिंहपूरच्या संगमाकडे चाललेली असते. एका काठाला ऊस, दुसऱ्या काठालाही ऊस, मध्ये खंड्याची निळी झेप. त्यात ते वर्ष अवर्षणाचे. सरकारने जे ४० तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले होते, त्यांत बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. नदी आक्रसून मध्ये गोट्यांची आणि वाळूची लांबट बेटे उघडी पडली होती. दुष्काळात पाण्याची भीती कोण बाळगणार?

दिवस मोठ्या मजेत गेला. गळाला दोन चिलापी लागल्या. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, पण उजनीत असा माजला आहे की भिगवणच्या बाजारात आता तो घरचाच होऊन बसला आहे. आबांना त्याचे कौतुक नाही. ‘खरा मासा म्हंजी वाम न् शिवडा. त्यो रातच्याला खातो,’ असे म्हणून त्यांनी नातवाच्या डोक्यात रात्रीच्या गळाचे खूळ भरून दिले.

संध्याकाळी होडी एका बेटाला लागली. पाण्याला लागून ही एवढी मऊ, सपाट, चाळून ठेवल्यासारखी वाळू! मी सतरंजी पसरलीसुद्धा. आबा मात्र तिकडे पाहीनात. ते आधी बेटाच्या मागच्या अंगाला गेले. तिथे बेट आणि काठ यांच्यामध्ये एक कोरडी चर होती. ती पाहून ते परत आले आणि म्हणाले, ‘मास्तर, उचला. हितं नगं.’

मी कारण विचारले. त्यांनी सांगितले ते असे. नदी चढते तेव्हा आपल्याला वाटते की पाणी समोरून येईल आणि आपण मागे सरू. पण अशा बेटावर पाणी आधी मागच्या चरीत शिरते. समोर पाहत बसलेल्या माणसाची परतीची वाट पाठीमागे गुपचूप बंद होते. मग अंधारात ती ओलांडायला जावे, तर वाळू उपसून केलेले खड्डे कुठे आहेत ते दिसत नाही. जिथे कालपर्यंत गुडघाभर पाणी, तिथे आज पुरुषभर. पुढे थोड्या अंतरावर बेटाची एक सोंड काठाला जोडलेली होती. तिथल्या वेड्या बाभळीच्या फांद्यांना जुन्या पुराचा वाळका पालापाचोळा अडकलेला होता, तो आबांनी बोटाने दाखवला. म्हणजे पाणी इथवर येऊन गेलेले, पण पावसाळ्यात. त्यावर निजायला हरकत नव्हती.

ती जागा म्हणजे नुसते गोटे! सतरंजीखाली नारळांचे पोते पसरावे तसे वाटत होते. मी कुरकुरलो. आबांनी लक्ष दिले नाही. त्यांनी बाभळीची एक काडी सोलली, खाली जाऊन बरोबर पाण्याच्या कडेला रोवली आणि चुलीपाशी येऊन बसले. खालच्या बंधाऱ्याला ढापे घालायचे काम चालू झाल्याचे त्यांनी येताना ऐकले होते.

शहरी वाचकांसाठी एवढे सांगतो की नीरेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यात त्यांच्या फळ्या काढून ठेवतात आणि नदी मोकळी वाहते. पाऊस सरला की त्या पुन्हा घालतात, त्यांना ढापे म्हणायचे. ढापे बसले की पाणी मागे तुंबत जाते. त्यावर काठचा ऊस जगतो. त्यात कुणाचे काही चुकत नाही. फक्त नदीत निजलेल्या माणसाला ते ठाऊक असावे लागते.

ज्वारीची भाकरी, चिलापीचे कालवण आणि शेवटी सौ.ची चकली असे जेवण झाले. चंद्रकोर लवकरच मावळली. आबा त्यांच्या गावाबद्दल बोलत होते. उजनी १९८० साली पुरी झाली आणि ११७ टी.एम.सी. पाण्याखाली भीमेचा जुना काठ गेला. लहानपणी ते काहिलीत बसून नदी ओलांडत. होय, गूळ शिजवायची तीच काहील! पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ उन्हाळ्यात पाणी आटले की वर येते, तेव्हा लोक फोटो काढायला जातात. आबा जात नाहीत. ‘नदी वळखीची व्हती. धरान अजून वळखीचं झालं न्हाई,’ एवढेच म्हणाले.

आता माझा गुन्हा सांगायचा. आबा घोंगडीत शिरल्यावर नातू माझ्या कानाशी आला. खालच्या वाळूवर गळ लावला आहे, थोडा वेळ तिथे बसू का? मला झोप येत होती आणि आबांच्या खबरदारीचा थोडा रागही आला होता. दुष्काळी साल, वारा नाही, पाऊस नाही. ‘बस थोडा वेळ,’ म्हणालो आणि आबांना न सांगता झोपलो.

मध्येच कुणीतरी मला गदागदा हलवले. ‘मास्तर, पोरगं कुटं हाय?’ आबा विडी ओढायला उठले होते आणि सवयीप्रमाणे बॅटरी काडीवर टाकली होती. काडी पाण्यात उभी होती, काठापासून सात-आठ पावले आत.

पाणी चढले होते फक्त वीतभर. पण सपाट वाळूवर वीतभर पाणी किती जमीन खाते, हे मी तोवर कधी पाहिले नव्हते. ना आवाज, ना लाट. आम्ही खाली धावलो. नातू शाल गुंडाळून, गळाची दोरी मनगटाला बांधून गाढ झोपला होता आणि शालीचे टोक भिजत होते. त्याच्या मागच्या चरीत बॅटरीचा उजेड पडला तेव्हा तिथे चकाकले. मला वाटले ओली वाळू असेल. ते पाणी होते.

आबांनी पोराला खांद्यावर टाकले. मी चरीत पाय घातला तो मांडीपर्यंत. एक पाऊल चुकीचे पडले आणि तळ लागेना. आबांनी माझी कॉलर धरली. वर आलो तेव्हा नातू जागा होऊन म्हणत होता, ‘माझा गळ! माझा गळ!’ त्याच्या मनगटाला दोरी होतीच. ओढली, तर टोकाला हातभर लांबीची वाम वळवळत होती. आबा हसले. मला हसता आले नाही.

उजाडले तेव्हा मी पहिल्यांदा सतरंजी पसरली होती ती जागा शोधली. तिथे बगळा पाण्यात उभा होता. माझे बूटही तिथेच राहिले होते. महिन्याभराने आबांचा फोन आला: बंधाऱ्याच्या ढाप्यांना एक बूट अडकलेला मिळाला आहे, एकच आहे, डावा.

घरी आम्ही वाम मिळाल्याचे सांगितले. बाकीचे अजून सांगितलेले नाही. हा अंक घरात येईल तेव्हा काय ते होईल.

पुढच्या उन्हाळ्यात, २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी एक होडी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. ६ जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. बातमी वाचून मी आबांना फोन केला. ते काठावरच होते. दुपारीच आभाळ बघून त्यांनी आपली होडी वर ओढून ठेवली होती. पण ज्याला पलीकडे घरी जायचे असते त्याला आभाळ बघून कसे चालेल, असे ते म्हणाले. पाण्याने दोन गावांमधला जुना रस्ता गिळला, तेव्हापासून होडी हाच रस्ता.

बराच वेळ दोघेही बोललो नाही. मग त्यांनी विचारले, ‘मास्तर, पोराला पवाय शिकिवलं का?’

‘आठवड्यातून तीन दिवस जातो,’ मी म्हटले.

‘मंग आना त्याला दिवाळीला. बूटबी हितंच हाय.’