फ्लेक्सवर एक ओळ

शनिवारी कल्याणहून एसटीने मुरबाडला गेलो. नाक्यावर फ्लेक्स: भावपूर्ण श्रद्धांजली, एका आजोबांचा पासपोर्ट फोटो ताणून मोठा केलेला, दोन तारखा. खाली 'शोकाकुल' मंडळींचे डझनभर फोटो, गॉगलसकट. चहावाल्याला विचारलं, "कोण हो हे?" म्हणाला, "सायकलवाले! आख्ख्या शाळेच्या पोरांची पंक्चरं काढली यांनी, निम्मी उधारीवर." फ्लेक्सवर यातलं काहीच नव्हतं.

सरकारी कागदाचंही तेच. १९६९ च्या कायद्याने मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. फॉर्ममध्ये व्यवसाय विचारतात, तंबाखू किती वर्षं खायचे तेसुद्धा (खरंच!). पण तो भाग आकडेवारीसाठी वेगळा काढतात, दाखल्यावर व्यवसाय येत नाही. दिवसभर डेटाबेसशी खेळणाऱ्या आपल्याला तरी हे खटकायला हवं ना?

गावाकडचं माणूस गेलं की फ्लेक्सचा मजकूर बहुतेक वेळा डोंबिवली-ठाण्यातला नातूच पाठवतो. त्याने त्यात कामाची एक ओळ टाकावी, बस्स.

माझे आजोबा पोस्टमन. वाचता न येणाऱ्यांना त्यांची पत्रं वाचून दाखवायचे. ते गेले तेव्हा मजकूर मीच मेल केला होता. नाव आणि दोन तारखा.