समजून घ्या : पावसाळी ढगात हेलिकॉप्टर महाड-पोलादपूरला का पोहोचत नाही?
२२ जुलै २०२१ रोजी महाडच्या तळीयेवर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. खराब हवामानामुळे हवाई मदतीत अडथळे आले. मग फक्त उपकरणांच्या आधारे उड्डाण का होत नाही?

शरीर फसवते : ढगात क्षितिज दिसत नाही. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा वळणारे हेलिकॉप्टरही सरळ चालल्याचे भासवते. वैमानिकाला शरीराऐवजी काट्यांवर विश्वास ठेवायला शिकावे लागते. हेलिकॉप्टर मुळातच अस्थिर. एकाच काट्यावर नजर खिळली तर ते कलते.

उतरायचे कुठे? : कौशल्य असले तरी उपकरणांच्या आधारे उतरायला आधी आखलेला, मंजूर मार्ग लागतो. दरीतल्या गावाच्या मैदानाला तो नसतो. तिथे जमीन डोळ्यांना दिसावीच लागते.

म्हणून पावसाळ्यात पहिला भरवसा रस्त्याचा आणि वेळेवर केलेल्या स्थलांतराचा.