तुमच्यानंतर मांजराला कोण बघणार?

रतन टाटा ऑक्टोबर 2024 मध्ये गेले. टिटो या त्यांच्या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद मृत्युपत्रात असून ती जबाबदारी घरच्या जुन्या स्वयंपाक्याकडे सोपवली आहे, अशा बातम्या आल्या. ‘मोठ्या लोकांचे लाड’ म्हणून हा विषय सोडून देता येईल. मला मात्र पैशांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. जनावराची जबाबदारी एका ठरावीक माणसाच्या नावावर होती. एवढं तर सातारा-सांगलीतल्या दोन खोल्यांच्या घरातही करता येतं.

आपल्या घरांत मांजर नवं नाही. नवी आहे ती पर्शियन मांजर. मुलगा हौसेनं ती आणतो आणि पुढं नोकरीसाठी पुण्याला, बंगळुरूला किंवा आखातात जातो. मांजर अम्मीकडे राहते. गुडघे धरलेली अम्मी रोज वाटी भरते, केस विंचरते, घाण काढते. तिला कुणी विचारलेलं नसतं. उद्या तिलाच मिरजेच्या दवाखान्यात पंधरा दिवस राहावं लागलं तर? गल्लीतली मांजर चार घरं फिरून पोट भरते. घरात वाढलेल्या पर्शियनला ते जमत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘बस फॅक्टर’ असा शब्द आहे. टीममधले किती जण अचानक गेले तर काम ठप्प होईल, तो आकडा. आकडा एक असेल तर प्रोजेक्ट धोक्यात आहे असं आम्ही मानतो. बहुतेक घरांत मांजराचा बस फॅक्टर एकच असतो.

ही भीती कल्पनेतली नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर आला. त्याच काळात कोरोनानं अख्खी घरं एकाच वेळी दवाखान्यात किंवा विलगीकरणात नेली. अशा वेळी कुलूपबंद घरातल्या जनावराचा विचार करायला कुणाला सवड असते? तो विचार आधीच झालेला असावा लागतो.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा दोष असा की तिनं खायलाही दिलं नाही आणि मोकळंही सोडलं नाही. देशाचा कायदाही जवळपास हेच सांगतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला उपाशी ठेवणं किंवा उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये, म्हणून कायद्याच्या धाकावर विसंबता येत नाही.

मग करायचं काय? कायद्याच्या नजरेत पाळीव जनावर ही मालमत्ता आहे. त्यामुळे मांजराच्या नावानं पैसे ठेवता येत नाहीत, ते सांभाळणाऱ्या माणसाला द्यावे लागतात. मुस्लिम कायद्यात कर्ज आणि कफन-दफनाचा खर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत वारस नसलेल्या माणसाला करता येते. म्हणजे मित्राला किंवा शेजाऱ्याला मांजर आणि तिच्या खर्चापुरती रक्कम देता येईल. तो माणूस मुसलमान असण्याची अटही नाही.

पण वसीयत मृत्यूनंतर लागू होते. माणूस आयसीयूत असताना तिचा उपयोग शून्य. मुखत्यारपत्रही देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की संपतं. म्हणून कागदाआधी माणसं ठरवा. किमान दोन, आणि त्यातला एक तुमच्या घरात न राहणारा, म्हणजे पूर किंवा आजारपण दोघांना एकाच वेळी गाठणार नाही. त्यांना विचारून होकार घ्या. एकाकडे घराची चावी द्या. खाणं, औषधं, लशींच्या तारखा आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून तो फ्रीजवर चिकटवा. महिनाभराचा खर्च बाजूला ठेवा. माझ्या साताऱ्याच्या घरात दोन मांजरी आहेत. चावी समोरच्या काकूंकडे असते आणि दुसरं नाव सांगलीतल्या माझ्या बहिणीचं आहे. हे सगळं ठरवायला एक संध्याकाळ लागली.

‘माणसांचीच सोय होत नाही, जनावरांचं काय घेऊन बसलात?’ असं कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. पण माणसांची सोय का होत नाही? कारण आजारपण आणि मृत्यू हे शब्द घरात काढले की ‘अशुभ बोलू नकोस’ म्हणून गप्प केलं जातं. अब्बांची पॉलिसी कुठं आहे, कर्ज किती आहे, अम्मीला कोण बघणार, हे दवाखान्याच्या बाकावर बसून शोधावं लागतं. मांजराच्या निमित्तानं हा विषय जेवताना काढणं सोपं जातं. ‘मला काही झालं तर हिला कोण बघेल?’ असं विचारलं की पुढचे प्रश्न घरचे स्वतःच विचारू लागतात.