दलदलीचा हिशेब

माझी मुलगी नोकरीनिमित्त आयर्लंडमधल्या अॅथलोन या गावी राहते. तिच्याकडे गेलो असताना एका रविवारी तिनं आम्हाला जवळच्या ऑफली परगण्यातलं लॉक बूरा हे ठिकाण दाखवायला नेलं. तिथल्या मोकळ्या माळावर एक जुनं छोटं इंजिन आणि त्याचे डबे कमानीसारखे आभाळाकडे वळवून उभे केले आहेत. ‘ही गाडी कुठं निघाली?’ असं मी विचारलं, तर आमच्या सौ. म्हणाल्या, ‘स्वर्गात, आणखी कुठं!’

ती गाडी पूर्वी पीट वाहायची. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला, अर्धवट कुजलेला पालापाचोळा. तो कापायचा, उन्हात वाळवायचा, रचून ठेवायचा आणि हिवाळाभर जाळायचा. आपल्याकडच्या गोवऱ्यांचीच गोष्ट. फरक इतकाच, की गोवरी उद्या पुन्हा थापता येते आणि पीटचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो.

आयर्लंडजवळ म्हणण्यासारखा कोळसा नाही, त्यामुळे हे त्यांचं स्वदेशी इंधन. १९४६ साली सरकारनं ‘बोर्ड ना मोना’ हे महामंडळ काढलं. ऐंशी हजार हेक्टर दलदल त्याच्या ताब्यात गेली. १९५० मध्ये पीटवरचं पहिलं वीजकेंद्र सुरू झालं. मधल्या प्रदेशातल्या गावांमध्ये बाप, मुलगा, नातू एकाच हजेरीपटावर लागले. हे सारं सरकारनं आपण होऊन घडवलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं. पुढं ही वीज महाग पडू लागली, तेव्हा प्रत्येक ग्राहकाच्या बिलात अधिभार लावून ती चालू ठेवली गेली.

मग हवामानबदलाचा प्रश्न पुढे आला. पृथ्वीच्या जमिनीपैकी फक्त तीन टक्के भाग पीटचा, पण त्यात जगातल्या साऱ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन दडलेला आहे. शिवाय वीज करायला पीट जाळलं, तर कोळशापेक्षाही जास्त धूर. धंदा थांबायला हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो थांबवण्याच्या तारखांचा.

बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला आकड्यांआधी तारखा दिसतात. जुलै २०१९ मध्ये शॅननब्रिजच्या केंद्राला पीटसोबत लाकूडफाटा जाळून पुढे चालवण्याची परवानगी नाकारली गेली. डिसेंबर २०२० मध्ये ते आणि लेन्सबरोचं अशी दोन्ही केंद्रं बंद झाली. जानेवारी २०२१ मध्ये महामंडळानं पीटकाढणी कायमची थांबवल्याचं जाहीर केलं. सरकारचा स्वतःचा मदतनिधी २०२० सालचा, सुमारे २.२ कोटी युरोंचा. युरोपीय संघ आणि आयरिश सरकार यांचा मिळून १६.९ कोटी युरोंचा, म्हणजे दीड हजार कोटींहून अधिक रुपयांचा कार्यक्रम मंजूर झाला तो डिसेंबर २०२२ मध्ये. पगार थांबल्यावर दोन वर्षांनी! आणि त्यातला मोठा हिस्सा २०२६ अखेर खर्च करण्याचं बंधन. आधी उशीर, मग घाई. सरकारी पैशाची ही चाल मला परकी वाटली नाही.

अशा निधीची सर्वसाधारण पद्धतही परताव्याची. आधी खर्च करा, पावत्या जोडा, मग पैसे. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत त्यालाच हे जमतं. गावच्या छोट्या मंडळानं आधीचे पैसे आणायचे कुठून?

लॉक बूराला बाकावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. तीसेक वर्षं त्यांनी तीच छोटी गाडी चालवलेली. म्हणाले, ‘पैसे आलेत. पाट्याही लागल्यात. माझा मुलगा मात्र रोज दीड तास गाडी चालवून कामाला जातो.’ तक्रारीचा सूर नव्हता, माहिती दिल्यासारखं म्हणाले.

एक खर्च मला मनापासून पटला. तेहतीस हजार हेक्टर दलदल पुन्हा ओली करण्यासाठी सरकारनं १०.८ कोटी युरो देऊ केले, आणि काम त्याच महामंडळाकडे दिलं. ज्यांनी चर खणून पाणी काढलं, त्यांनाच आता चर बुजवायची मजुरी. हात तेच, यंत्रं तीच. अर्थात चर कधीतरी बुजून संपणारच. माउंटलुकसला जुन्या दलदलीवर अठ्ठावीस पवनचक्क्या फिरतात. त्या उभारताना माणसं लागतात, नंतर फारशी नाही. आणि गंमत पाहा, सप्टेंबर २०२१ मध्ये बागायतदारांसाठी लाटव्हियाहून ३,६०० टन पीट बोटीनं आयर्लंडमध्ये आलं!

मला सारखी परळची आमची शाखा आठवत होती. १९९२ साली केंद्रानं नॅशनल रिन्यूअल फंड काढला. नव्या कामाचं शिक्षण देण्याची भाषा होती, पैसा बहुतेक स्वेच्छानिवृत्तीवरच गेला. गिरण्यांमधली माणसं रकमेचा चेक घेऊन यायची, आम्ही आग्रहानं मुदत ठेव करायला लावायचो. वर्ष-दोन वर्षांत तीच माणसं ठेव मोडायचा अर्ज घेऊन समोर. मुलीचं लग्न, गावच्या घराचं छप्पर, आईचं आजारपण. असे कितीतरी अर्ज मी स्वतः सही करून मंजूर केले आहेत. त्या माणसांना पैसे सांभाळता आले नाहीत, असं तेव्हा आम्ही काउंटरमागे सहज बोलून जायचो. महिन्याचा पगार आणि एकरकमी चेक या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आम्हाला, दर महिन्याला पगार घेणाऱ्यांना, कुणी सांगायचं?

परत आल्यावर चंद्रपूरला राहणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याशी फोनवर बोललो. तिथं खनिजाच्या उत्पन्नातून जिल्ह्यासाठी वेगळा निधी २०१५ च्या कायद्यानंतर जमा होतो. त्यातून खाणी बंद होण्याच्या दिवसासाठी काही बाजूला ठेवतात का, असं मी विचारलं. ‘अहो, कोळसा अजून तीस वर्षं कुठं जात नाही,’ तो हसून म्हणाला.

बोर्ड ना मोनानं २०१५ मध्ये जाहीर केलं होतं, की विजेसाठी पीट काढणं २०३० पर्यंत थांबेल. ते पाच वर्षांतच थांबलं.