मैदान कोणासाठी?

होळकर संघाचा विषय निघाला की इंदूरच्या जुन्या मराठी घरांत गप्पा लांबतात. 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 असे चार वेळा रणजी करंडक. म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 आणि एका डावात सहा शतके! आमच्या ज्येष्ठांना हे आकडे नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ आहेत. पण त्या संघात होते कोण? नागपूरहून आलेले तेलुगू कर्नल सी. के. नायडू, इंदूरचेच मुश्ताक अली, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून सरवटे, निंबाळकर. 1944-45 च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही होळकरांकडून खेळला. महाराज यशवंतरावांनी खेळ पाहून माणसे जमवली. आपण त्या संघाला 'आपला' म्हणतो, तेव्हा हेही सांगायला हवे.

खेळाच्या मैदानावर भेद आपोआप मिटतात, असे बक्षीस-समारंभांत दरवर्षी ऐकू येते. आम्हाला ते पटत नाही. पळवणकर बाळू चर्मकार समाजातला. युरोपियनांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू मंडळींनी त्याला संघात घेतले, चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात दिला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. 1920 मध्ये त्याच्या भावांनी, विठ्ठल आणि शिवराम यांनी, संघातून माघार घेऊन निषेध नोंदवला. वर्तमानपत्रांत चर्चा झाली, आणि 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाला. चेंडूइतकेच ते त्या भांडणाचे श्रेय आहे.

अलीकडचे उदाहरण नागपूरचे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिले आणि त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. पुढे ही मुले परदेशातल्या स्पर्धांपर्यंत गेली. यावरचा 'झुंड' (2022) आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला, डोळेही पुसले. बारसे सरांनी मुलांना दिले काय? चेंडू, खेळायला जागा, आणि रोज वाट पाहणारा एक मोठा माणूस.

आता इंदूरकडे पाहू. 2023 च्या विधानसभेची मतमोजणी झाली ती नेहरू स्टेडियममध्ये! मोकळ्या जागांवर लग्नाचे मांडव पडतात. आणि आपल्या संस्था? स्नेहसंमेलनात लिंबू-चमचा, वर्षातून एकदा टेनिस बॉलचे सामने, तेही सभासदांच्या मुलांपुरते. शेजारच्या वस्तीतली मुले कुंपणाबाहेरून बघत उभी असतात. बाहेर गेलेला चेंडू आणून देण्याइतकाच त्यांचा सहभाग.

2022 मध्ये नगर निगमाची निवडणूक झाली, पुढची फार लांब नाही. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पार्षदाला आम्ही विचारणार आहोत: वॉर्डातले कोणते मैदान वर्षभर मुलांसाठी मोकळे राहील, दिवे आणि पाणी कोण बघेल, मुलींना संध्याकाळी खेळता यावे म्हणून महिला प्रशिक्षक मिळेल का? उत्तर लेखी हवे.

पण हा प्रश्न दुसऱ्याला विचारण्याआधी आपले फाटक उघडावे लागेल. ज्या संस्थांकडे पटांगण आहे, त्यांनी आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी ते वस्तीतल्या मुलांना विनाशुल्क द्यावे, त्यातली एक फक्त मुलींसाठी. तसा ठराव येत्या कार्यकारिणीत आम्ही मांडत आहोत. विरोध असेल त्यांनी बैठकीला येऊन तो बोलून दाखवावा.