रकान्यातील बौद्ध आणि घरातील बौद्ध



आपल्या घराच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. दारावर पंचशील ध्वज आहे. चौदा एप्रिलला आपण मिरवणुकीत हिरिरीने पुढे असतो. हे सर्व उत्तमच आहे. परंतु मी आपणास एक प्रश्न विचारतो. समजा, उद्या सकाळी या तसबिरी आणि हा ध्वज आपल्या घरातून नाहीसा झाला, तर हे घर बौद्धाचे आहे हे शेजाऱ्यास कशावरून ओळखू येईल?

मी वकील आहे. पुराव्यावाचून विधान स्वीकारू नये, ही माझ्या धंद्याची शिकवण. आणि तथागतांनी कालामांना केलेला उपदेशही याहून फार निराळा नाही. तेव्हा हा प्रश्न आपण पुराव्याच्या अंगानेच तपासू या.

१९६२ च्या निवडणुकीत डी. पी. मेश्राम हे महाराष्ट्र विधानसभेच्या राखीव जागेवरून निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला आहे, सबब ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा आक्षेप निघाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६४ साली निकाल लागला. एखादा धर्म मानणे म्हणजे काय? न्यायालयाने सांगितले, की ज्यांचा संबंध येतो त्या लोकांस समजेल अशा रीतीने तो धर्म उघडपणे आपला म्हणून जाहीर करणे. पुराव्यात काय काय आले होते? बुद्धाचे चित्र असलेली लग्नाची निमंत्रणपत्रिका आली होती. शंकराच्या देवळाचे बुद्धमंदिर करण्यातील सहभाग आला होता. मेश्राम बौद्ध ठरले, आणि बौद्ध ठरले म्हणूनच राखीव जागेस अपात्र ठरले.

त्या काळी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने बौद्धांस अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले होते. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिणे म्हणजे केंद्राच्या सवलतींवर पाणी सोडणे होते. तरीही १९५१ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ८१ हजार असलेली या देशातील बौद्धांची संख्या १९६१ साली साडेबत्तीस लाखांवर गेली. ज्यांच्यापाशी गमावण्यासारखे फारच थोडे होते, त्यांनी तेही पणास लावले. १९९० साली कायदा बदलला आणि बौद्ध राहूनही अनुसूचित जातीचे हक्क मिळू लागले. आज ‘बौद्ध’ लिहिण्यास काही किंमत पडत नाही. मग आजचा पुरावा त्या पिढीच्या पुराव्याहून भक्कम असावयास नको काय?

आता आजची पत्रिका पाहा. गेल्या उन्हाळ्यात तिरोडा तालुक्यातील एका पक्षकाराने मला मुलीच्या लग्नाचे निमंत्रण दिले. पत्रिकेच्या शिरावर बुद्ध आणि बाबासाहेब. खाली पंचांग पाहून काढलेला मुहूर्त. बोलता बोलता कळले, की याआधी आलेले एक चांगले, शिकलेले स्थळ ‘आपल्यातले नाही’ म्हणून परतविले होते. मुलगा बौद्धच होता! ‘आपल्यातले’ याचा अर्थ बावणे की लाडवण की कोसरे, एवढाच होता. चौदा ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या जातीचा त्याग केला, तिची पोटजात मात्र आपण पेटीत जपून ठेवली आहे. सर्व मनुष्यमात्र समान मानीन, ही बावीस प्रतिज्ञांतील नववी प्रतिज्ञा आहे. त्या पत्रिकेवरील बुद्धाच्या चित्राने ही प्रतिज्ञा पाळली गेली काय?

आपणांपैकी कोणी म्हणेल, “वकीलसाहेब, असे सर्वच धर्मांत चालते. जन्माने धर्म मिळतो, माणूस सणवार करतो, यात बिघडले कोठे?” कोठे बिघडते ते दूरच्या एका देशाच्या दाखल्याने पाहू.

अमेरिकेत ख्रिस्ती धर्माचा जोर सर्व प्रांतांत सारखा नाही. दक्षिणेकडील राज्यांत चर्चला जाणे हा समाजाचा रिवाजच. ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये आणि पश्चिम किनाऱ्यावर ते प्रमाण बरेच कमी. वरवर पाहता दक्षिणेचा माणूस अधिक धार्मिक. परंतु इतिहास काय सांगतो? गुलामगिरीच्या प्रश्नावर उत्तरेकडील धर्मबंधूंशी फारकत घेऊन दक्षिणेतील बाप्टिस्टांनी १८४५ साली आपली स्वतंत्र संघटना काढली. तिने या पापाची जाहीर क्षमा मागितली ती १९९५ साली, दीडशे वर्षांनी! ज्या मुलखात घरोघरी बायबल होते, त्याच मुलखात माणसांचा लिलाव होत होता. तेथे ख्रिस्ती असण्यास काही सोडावे लागत नव्हते, म्हणून त्या नावात काही उरलेही नव्हते.

मात्र त्याच दक्षिणेत, त्याच बायबलच्या आधारे, मॉन्टगोमेरी शहरातील काळ्या लोकांनी डिसेंबर १९५५ पासून वर्षभराहून अधिक काळ शहराच्या बसगाड्यांवर बहिष्कार घातला. मार्टिन ल्यूथर किंग हे तेथल्याच एका चर्चचे धर्मोपदेशक होते. मोलमजुरी करणाऱ्या स्त्रिया मैलोन् मैल पायी चालल्या. त्यांची ही पायपीट चालू होती, त्याच काळात आपले आजोबा-आजी नागपुरात दीक्षा घेत होते. प्रांत एक, ग्रंथ एक. एकाचा धर्म रिवाजाचा, दुसऱ्याचा निर्धाराचा. रिवाजाचा धर्म टिकतही नाही. अमेरिकेत स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारे २००७ साली शेकडा ७८ होते. २०२३-२४ च्या पाहणीत ते ६२ वर आले.

हा प्रांतभेद आपल्या विदर्भातही आहे. नागपूरच्या आपल्या वस्त्यांत विहार हाकेवर आहे, वंदना कानावर पडते, शेजारी बौद्ध, दुकानदार बौद्ध. तेथे बौद्ध असण्यासाठी काही ठरवावे लागत नाही. आणि जे ठरवावे लागत नाही ते विसरण्यासही वेळ लागत नाही. उलट अर्जुनी मोरगावकडील जंगलपट्टीत दहा-बारा घरांच्या वस्तीतील कुटुंबास पावलोपावली ठरवावे लागते. मातामायच्या पूजेची वर्गणी द्यावी की नाही? घरी कोणी वारल्यास पिंडदान करावे की नाही? तेथे प्रत्येक नकाराला गाव नाव ठेवते. म्हणून तेथला एक खरा बौद्ध मला शहरातील शंभर तसबिरींहून मोलाचा वाटतो.

याचा विपरीत अर्थ मात्र करू नका. दिवाळीनंतरच्या मंडईत जाऊन दंडार पाहिली म्हणून कोणी भ्रष्ट होत नाही. गोंड शेजाऱ्याच्या सुखदुःखात सामील होणे ही मैत्री आहे, आणि मैत्री हा धम्म आहे. शेजाऱ्याने कोणाचा प्रसाद खाल्ला याची टिपणे ठेवणारा, पण स्वतः सायंकाळी दारू पिऊन बायकोवर हात उगारणारा मनुष्य मी पाहिला आहे. त्याला बावीसपैकी केवळ पहिल्या आठ प्रतिज्ञा पाठ आहेत. देव सोडणे ही धम्माची सुरुवात आहे. शील धरणे हे त्याचे वर्षानुवर्षांचे काम आहे.

मी स्वतः या दोषातून मुक्त आहे, असा दावा करीत नाही. मी घर बांधले तेव्हा गवंड्याने तिथी सुचविली आणि मी निमूटपणे होकार दिला. ‘कशाला वाद?’ असे मनास समजाविले. माझ्या मुलीने विचारले, “बाबा, मग आपण कोण?” न्यायालयात मी क्वचितच निरुत्तर होतो, त्या दिवशी झालो.

१९५४ साली बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणुकीस उभे राहिले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. या मुलखाने त्यांस पराभूत केले. ते ऋण तसबिरीस हार घालून फिटणार नाही.

म्हणून माझी मागणी थोडी आणि स्पष्ट आहे. जनगणनेचा प्रगणक दारी आला, की धर्माच्या रकान्यात निःशंकपणे ‘बौद्ध’ लिहवा आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित यादीतील आपली जात लिहवा. पहिला रकाना आपण काय झालो ते सांगतो. दुसरा आपणावर काय अन्याय झाला ते सांगतो. कायद्याने या दोहोंत आता विरोध उरलेला नाही. पोटजात मात्र कोठेही लिहू नका, विचारू नका, सांगू नका. लग्न सोयीच्या दिवशी लावा आणि पंचांग घराबाहेर ठेवा. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांना घेऊन विहारात बसा. बावीस प्रतिज्ञा म्हणून घ्या आणि त्यांतील एकेकीचा अर्थ त्यांना विचारा. मुले आपणासही प्रश्न विचारतील. त्यांना उत्तर द्यावे लागेल, याच धाकाने आपले घर सुधारेल. माझे सुधारू लागले आहे.

जय भीम!