पेगवेल बे आणि श्रद्धाभंगाची आयती किल्ली

विल्यम डाइस याच्या ‘पेगवेल बे, केंट : ५ ऑक्टोबर १८५८ची एक आठवण’ (१८५८-६०, टेट संग्रह, लंडन) या तैलचित्राचा अन्वयार्थ समीक्षेने जणू कायमचा ठरवून टाकला आहे. डार्विनचा ग्रंथ नोव्हेंबर १८५९चा. चित्र रॉयल अकॅडमीत मांडले गेले १८६०मध्ये. चित्रात झिजलेले खडूचे कडे, ओहोटीचा किनारा, आकाशात डोनाटीचा पुसटसा धूमकेतू. तेव्हा हे व्हिक्टोरियन श्रद्धाभंगाचे चित्र, असा निवाडा. साक्षीला आर्नल्डची ‘डोव्हर बीच’ ही कविता असतेच; किनारा केंटचाच, आणखी काय हवे?

हवे ते एवढेच, की आधी चित्र पाहावे. ‘डोव्हर बीच’ प्रसिद्ध झाली १८६७मध्ये, डाइसच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. शिवाय त्या कवितेतल्या खऱ्या समुद्राला भरती आहे, ओहोटी आहे ती श्रद्धेच्या सागराला. शीर्षकातला दिवस डार्विनच्या ग्रंथाआधीचा. लायेलचे भूशास्त्र १८३०-३३पासून वाचले जात होते आणि संशय हवेत होता, हे खरेच. पण हवेत असलेली प्रत्येक गोष्ट कॅनव्हासवर उतरतेच असे नाही. डाइस हा तर निष्ठावंत हाय चर्च अँग्लिकन. १८४०च्या दशकात प्रार्थनाग्रंथाची प्राचीन स्वरांसह आवृत्ती काढणारा. शिंपले वेचणे हेही नास्तिकतेचे लक्षण नव्हे. त्या छंदाला लोकप्रिय करणारा फिलिप गॉस हा कट्टर बायबलनिष्ठ होता, आणि भूशास्त्राचा दीर्घ काळ नाकारण्यासाठी त्याने १८५७मध्ये ‘ओम्फालोस’ लिहिले. याच परिसरात इ. स. ५९७मध्ये संत ऑगस्टीन उतरला अशी परंपरा आहे. श्रद्धाभंगवाद्यांना ती आठवत नाही, कारण ती त्यांच्या किल्लीत बसत नाही.

मात्र चित्रातला गारठा खोटा नाही. पुढे डाइसची पत्नी, तिच्या दोघी बहिणी आणि मुलगा आहेत. कोणी कोणाकडे पाहत नाही, आणि डोक्यावरच्या धूमकेतूची दखल त्यांपैकी कोणालाच नाही. या तुटलेपणाचे स्पष्टीकरण मात्र चरित्रातही सापडत नाही नि कवितेतही. ते आहे रंगवण्याच्या पद्धतीत. शालीची घडी आणि कड्याची भेग एकाच बारकाईने रंगवलेली. माणसाला दगडाहून अधिक काही दिलेले नाही. त्यात शीर्षक ‘आठवण’ म्हणते आणि तारीख मात्र पंचांगासारखी नेमकी देते. आठवणीत तपशील विरतात; इथे एकही विरलेला नाही. एक दुपार, कड्यांचा अगणित काळ आणि सुमारे दोन हजार वर्षांनी परतणारा धूमकेतू यांना डाइसने एका पातळीवर बसवले आहे. त्यांतला कोणता काळ कोणाला खोडतो, हे त्याने सांगितलेले नाही. ते समीक्षक सांगतात, आणि तेही वर्गात शिकवलेल्या कवितेच्या भरवशावर. चित्रकला ही साहित्येतिहासाची सचित्र पुरवणी आहे असे उघडपणे कोणी लिहिणार नाही. व्यवहारात मात्र या चित्राच्या वाट्याला तेच आले आहे: पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शोभावे, आणि आतल्या प्रकरणाला मान डोलवावी. चित्राच्या उजव्या कडेला चित्रसाहित्य बाळगून उभी असलेली पुरुषाकृती, बहुधा स्वतः डाइस, त्या प्रकरणांत क्वचितच येते.